बंदुकीचा हक्क, पण कुणाचा?

अमेरिकेत गोळीबाराची मोठी बातमी आली की नाशिकहून फोन येतोच. निफाडच्या मामांचा प्रश्न ठरलेला: "अरे, तिथलं सरकार एवढ्या बंदुका हातात देतंच कसं?" मामांकडे स्वतःची परवान्याची बारा बोअर आहे, आजोबांच्या काळापासून द्राक्षबागेच्या राखणीला ठेवलेली. परवान्याचं नूतनीकरण, पोलीस पडताळणी, आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करा आणि पावती जपून ठेवा, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलंय. त्यांच्या लेखी बंदूक म्हणजे सरकारनं दिलेली मुभा, कधीही काढून घेता येणारी.

इथे अमेरिकेत मुळातच उलट आहे. राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीनं १७९१ साली शस्त्र बाळगणं हा हक्क ठरला. २००८च्या 'हेलर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं आणि २०२२च्या 'ब्रुएन' निकालानं तो घराबाहेरही लागू केला. मामांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. हा हक्क कागदावर सगळ्यांचा आहे. रस्त्यावर मात्र तो माणूस बघून मिळतो.

मी मिनेसोटात सेंट पॉलजवळ राहतो. राज्याची मोठी जत्रा भरते त्या फाल्कन हाइट्समधून माझं सतत जाणं-येणं असतं. तिथे लार्पेंटर अव्हेन्यूवर ६ जुलै २०१६ रोजी पोलिसानं फिलांडो कॅस्टिलची गाडी थांबवली. कारण सांगितलं मागचा दिवा बंद असल्याचं. बत्तीस वर्षांचा हा कृष्णवर्णीय माणूस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायचा. त्याच्याकडे पिस्तूल होतं आणि रीतसर परवानाही होता. त्यानं स्वतःहून, शांतपणे पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे शस्त्र आहे. पोलीस म्हणाला, ते काढू नकोस. तो म्हणाला, मी काढत नाहीये. पुढच्या काही क्षणांत पोलिसाच्या पिस्तुलातून सात गोळ्या सुटल्या आणि कॅस्टिल गेला. शेजारी त्याची मैत्रीण होती आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी ज्युरीनं त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. बंदुकीच्या हक्कासाठी एरवी आकाशपाताळ एक करणाऱ्यांचा आवाज त्या दिवसांत फारच बारीक झाला होता, हे मी विसरू शकत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या मिनियापोलिसमध्ये पुन्हा तेच. पहाटे दार न ठोठावता पोलीस घरात शिरले. बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय आमिर लॉक सोफ्यावर पांघरूण घेऊन झोपला होता. वॉरंटमध्ये त्याचं नावही नव्हतं. दचकून उठताना त्याच्या हातात पिस्तूल दिसलं आणि पोलीस आत आल्यापासून दहा सेकंदांच्या आत त्याला गोळ्या लागल्या. तो वाचला नाही. कुणावरही गुन्हा दाखल झाला नाही. रात्रीबेरात्री घरात घुसणाऱ्यापासून स्वतःचं रक्षण करण्यासाठीच तर हा हक्क आहे, असं इथे उठता-बसता सांगतात ना?

हे आजचंही नाही. १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी अलाबामात पिस्तुलाचा परवाना मागितला होता. तो नाकारला गेला. १९६७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. तेव्हा ते कायदेशीर होतं. त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीनं भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आली. २०२० साली मिशिगनच्या विधानभवनात रायफली घेऊन शिरलेले आंदोलक बहुतांशी गोरे होते. त्यांच्यासाठी तसा कायदा काही घाईनं झाला नाही.

नाशिककरांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. १८७८चा शस्त्र कायदा हिंदुस्थानी माणसाकडे परवाना मागत होता आणि गोऱ्यांना त्यातून सूट देत होता. टिळकांच्या पिढीला ही सल बोचत होती. १९०९ मध्ये आपल्याच विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून यावं लागलं, ते याच कायद्याच्या अमलात. आणि आजही मामांची बंदूक निवडणुकीत ठाण्यात जाते, तर एखाद्या पुढाऱ्याच्या मिरवणुकीत हवेत बार निघतात आणि कोणी पावती विचारत नाही. मामा यावर तासभर बोलतील, आणि ते बरोबर बोलतात.

आता इथल्या आपल्या मंडळींचं. कामाच्या व्हिसावर आलेल्याला केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचा वैध परवाना काढला की त्या बंदीतून सूट मिळते. मंडळाच्या कार्यक्रमात ही वाट एकमेकांना कौतुकानं सांगितली जाते. माझ्या एका मित्रानं अशीच बंदूक घेतली. तो म्हणतो, "आपले कागद चोख आहेत, आपल्याला कोण काय करणार?" मी त्याला विचारलं, कॅस्टिलचा कुठला कागद चुकला होता? त्याला उत्तर सुचलं नाही. बंदूक सरावाला नेताना तो ती गाडीत ठेवतो. माझ्या मुलांना मी त्या गाडीत बसू देत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.