एका रोख्याचे तीन भाव

31 मार्च 2024 हा रविवार होता. आधीचा शुक्रवार गुड फ्रायडेचा, आणि 1 एप्रिल म्हणजे बँकांचा वार्षिक हिशेबाचा दिवस. सरकारी रोख्यांचा बाजार गुरुवारी, 28 तारखेला बंद झाला तो थेट 2 एप्रिलला उघडणार होता. बाजार हलत नसताना रोख्यांचं मूल्यमापन करायला मिळणं ही मिड ऑफिसची, म्हणजे व्यवहार तपासणाऱ्या विभागाची, चैन. पण त्या वर्षी कसली चैन! 1 एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेचे गुंतवणुकीच्या वर्गीकरणाचे आणि मूल्यमापनाचे नवे निर्देश लागू होत होते. ते निघाले होते 12 सप्टेंबर 2023 ला, म्हणजे तयारीला साडेसहा महिने होते. तरी फोर्टमधल्या आमच्या बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे गुंतवणूक विभागात, त्या रविवारी सगळे दिवे चालू होते.

माझं काम डीलरने (रोखे घेणाऱ्या-विकणाऱ्याने) दिलेली किंवा सिस्टिमने काढलेली किंमत स्वतंत्रपणे तपासण्याचं. प्रत्येक रोख्याचा आयएसआयएन (ओळख क्रमांक) घ्यायचा, एफबीआयएल या भाव जाहीर करणाऱ्या संस्थेच्या फाइलशी जुळवायचा, तिथे नसला तर फिमडा या रोखेबाजाराच्या संघटनेची किंमत किंवा फिमडाच्या स्प्रेडवरून (सरकारी रोख्यावरच्या जादा परताव्यावरून) काढलेली किंमत घ्यायची, आणि सिस्टिमच्या आकड्यात शंभर रुपयांमागे 25 पैशांहून जास्त फरक दिसला की तो रोखा अपवादांच्या यादीत टाकायचा. 25 पैसे ही आमच्या धोरणातली मर्यादा; दुसऱ्या बँकेत ती वेगळी असू शकते. केंद्र सरकारचे रोखे आणि राज्यांची कर्जं यांची जुळणी पटकन होते. 31 मार्च 2018 पासून सरकारी रोख्यांचे भाव फिमडाऐवजी एफबीआयएल जाहीर करते. तिथे तफावत आलीच तर ती बहुतेक वेळा चुकीच्या तारखेची फाइल चढवल्याने येते.

त्या दिवशी अपवादांच्या यादीत एक कंपनी रोखा होता. दर्शनी किंमत 100 कोटी, कूपन (ठरलेलं व्याज) 8.40 टक्के, व्याज वर्षातून एकदा 31 मार्चला, मुदत 31 मार्च 2028 पर्यंत. खरेदी बरोबर 100 रुपयांना झालेली. कूपनची तारीख आणि मूल्यमापनाची तारीख एकच असल्याने साचलेल्या व्याजाचा गुंता नव्हता आणि उरलेली मुदत नेमकी चार वर्षं. (यापुढचे दर समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, गणित मात्र तेच.)

चार वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा धरा 7.05 टक्के. त्यावर कंपनी रोख्याचा स्प्रेड चढवायचा. फिमडा हे स्प्रेड मुदत आणि पतमानांकनानुसार देते, पण जारीकर्त्यांचे गट वेगळे ठेवते: सार्वजनिक कंपन्या, वित्तसंस्था आणि बँका हा एक, एनबीएफसी (बिगर-बँक वित्त कंपन्या) हा दुसरा, इतर कंपन्या हा तिसरा. एकच एएए (सर्वोच्च) मानांकन, पण गट बदलला की स्प्रेड बदलतो. सिस्टिमने पहिल्या गटाचा 50 बेसिस पॉइंटचा (अर्ध्या टक्क्याचा) स्प्रेड लावला होता. परतावा झाला 7.55 टक्के, किंमत 102.84 रुपये.

मी काढलेली किंमत होती 100.99. मी एनबीएफसी गटाचा 105 बेसिस पॉइंटचा स्प्रेड घेतला होता, म्हणजे परतावा 8.10 टक्के. शंभर रुपयांमागे 1.85 रुपयांचा फरक, 100 कोटींवर 1 कोटी 85 लाखांचा. एवढ्या मुदतीच्या रोख्यात 10 बेसिस पॉइंटला साधारण 33 पैसे पडतात, हा आकडा डोक्यात ठेवला की कागद-पेन न घेताही अशी तफावत कुठून आली असेल याचा अंदाज येतो. 1.85 मध्ये असे 33 पैसे साधारण साडेपाच वेळा बसतात, म्हणजे 55 बेसिस पॉइंट. व्याजदराच्या वक्ररेषेत (मुदतीनुसार सरकारी परताव्याच्या आलेखात) एवढी चूक सहसा सापडत नाही. चूक गटात किंवा मानांकनात असणार.

मानांकन बरोबर निघालं. दोन संस्थांनी मानांकन दिलं असेल तर आमच्या धोरणाप्रमाणे कमी असलेलं धरायचं, इथे दोन्ही सारखीच. घोळ जारीकर्त्याच्या मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या मूळ नोंदीत होता. रोखा घेतला तेव्हा त्या एनबीएफसीत एका सरकारी कंपनीचा मोठा हिस्सा होता, म्हणून कुणीतरी तिला सार्वजनिक गटात टाकलं होतं. पुढे तो हिस्सा विकला गेला आणि मास्टरमधली नोंद तशीच राहिली. मेकर-चेकरची साखळी (एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं) नव्या नोंदीला लागते. पडून असलेल्या नोंदीकडे फिरून कुणी बघत नाही.

मग आधीच्या प्रत्येक तिमाहीत हे निसटलं कसं? इथे जुना नियम समजून घ्यावा लागतो. जुन्या पद्धतीत एएफएस (विक्रीसाठी उपलब्ध) गटातल्या रोख्यांची किंमत बाजाराप्रमाणे काढायची, पण प्रकारवार बेरीज करून निव्वळ घट आली तरच तरतूद करायची आणि निव्वळ वाढ आली तर ती सोडून द्यायची. म्हणजे आमचा रोखा 102.84 असो की 100.99, पुस्तकात 100 रुपयेच. जास्तीची किंमत फार तर त्याच प्रकारातल्या दुसऱ्या रोख्याची घट झाकायची. नव्या निर्देशांनी हे पांघरूण काढून घेतलं. आता एएफएसमधली वाढ आणि घट दोन्ही नफा-तोटा खात्याला न शिवता एएफएस राखीव निधीत जातात, आणि तो निधी सीईटी-1 भांडवलात (बँकेच्या सर्वात भक्कम भांडवलात) धरला जातो. 31 मार्चपर्यंत ज्या चुकीची किंमत जवळपास शून्य होती, ती 1 एप्रिलच्या सुरुवातीच्या शिलकेत 1 कोटी 85 लाखांची झाली असती.

संक्रमणाच्या त्या दिवशी खरी परीक्षा हीच होती, असं मला वाटतं. चर्चा सगळी वर्गीकरणाची चालली होती: एचटीएम (मुदतीपर्यंत ठेवायच्या) गटावरची 25 टक्क्यांची मर्यादा गेली, कुठला रोखा कुठे ठेवायचा, कुठल्या रोख्याची रोकड निव्वळ मुद्दल आणि व्याजाची आहे. बासेल-3 या जागतिक भांडवल-नियमांखाली बँका काढतात ते एटी-1 आणि टियर-2 रोखे तोटा सोसायची अट घेऊन येतात, म्हणून या कसोटीत बसत नाहीत आणि थेट एफव्हीटीपीएलमध्ये (मूल्यातला बदल नफा-तोटा खात्यात घेणाऱ्या गटात) जातात, यावर तासभर बोलणं झालं. वर्षानुवर्षं न तपासलेल्या मास्टरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

डीलरला 102.84 गेल्याचं वाईट वाटलं, पण तो तयारीचा माणूस. त्याने तिसरा भाव पुढे केला. 26 मार्चला याच आयएसआयएनमध्ये शेअर बाजारावर एक व्यवहार नोंदला गेला होता: परतावा 7.80 टक्के, किंमत साधारण 102 रुपये.

"अहो, याच रोख्याचा प्रत्यक्ष व्यवहार आहे. पहिली पातळीच झाली की. स्प्रेड कशाला लावत बसता?"

(पातळी म्हणजे किंमत कशावर आधारलेली आहे त्याचा दर्जा: पहिली थेट बाजारभावावर, दुसरी बाहेरून जाहीर होणाऱ्या घटकांवर, तिसरी आपल्याच अंदाजावर.) व्यवहाराची रक्कम पाहिली, तीन लाख. खासगी वितरणाच्या रोख्यांची दर्शनी किंमत सेबीने 1 जानेवारी 2023 पासून 10 लाखांवरून 1 लाखावर आणली, तेव्हापासून ऑनलाइन मंचांवरून व्यक्ती असे दोन-तीन रोखे घेतात. व्यवहार खरा असतो, पण त्या भावाला 100 कोटी विकून दाखवा म्हटलं तर खरेदीदार मिळत नाही. पहिल्या पातळीसाठी सक्रिय बाजारातला, त्याच रोख्याचा, काहीही फेरफार न केलेला भाव लागतो. महिन्याभरात तीन लाखांचा एकच व्यवहार म्हणजे सक्रिय बाजार नव्हे. तरी तो कागद आम्ही फाइलमधून काढला नाही. व्यवहार पाहिला होता आणि का घेतला नाही, हे दोन ओळींत लिहून ठेवलं. लेखापरीक्षकांना एखादा व्यवहार नाकारल्याचं खटकत नाही, तो दिसलाच नव्हता असं वाटलं तर खटकतं.

शेवटी 100.99 कायम झाली, दुसऱ्या पातळीवर, कारण वक्ररेषा आणि स्प्रेड दोन्ही बाहेरून जाहीर होणारे. वाढ 99 लाख.

खरा वाद मात्र दुसऱ्याच रोख्यावरून रंगला. पायाभूत क्षेत्रातल्या एका कंपनीचा, मानांकन नसलेला, दर्शनी किंमत 40 कोटी, कूपन 10.50 टक्के, मुदत सहा वर्षं. मानांकनच नाही म्हटल्यावर फिमडाच्या तक्त्यात त्याला ओळ नाही. नियम एवढंच सांगतो की मानांकन नसलेल्या रोख्याला लावायचा दर तेवढ्याच मुदतीच्या मानांकित रोख्याच्या दराहून कमी नसावा आणि वाढीव स्प्रेडमध्ये पतजोखीम दिसली पाहिजे. वाढीव म्हणजे किती, ते बँकेने ठरवायचं. आमच्या अंतर्गत पतश्रेणीला बाहेरच्या श्रेणीशी जोडून, वर तरलतेसाठी थोडं चढवून, पतविभागाने 10 टक्के परतावा धरला होता. किंमत 102.18, वाढ 87 लाख.

डीलरचं म्हणणं, यातली सरकारी वक्ररेषा बाजारातली, मानांकित रोख्यांचा स्प्रेड फिमडाचा, वरचं थोडंसं आपलं. तेव्हा दुसरी पातळी. असं वजन करून पातळी ठरत नाही. ज्या घटकाने किमतीत लक्षणीय फरक पडतो, अशांपैकी सर्वात खालच्या पातळीचा घटक अख्ख्या रोख्याची पातळी ठरवतो. प्रश्न एवढाच की आपलं ते थोडंसं लक्षणीय आहे का. ते बोलून ठरवायची गरज नाही, परतावा हलवून बघायचा. 50 बेसिस पॉइंट वर, म्हणजे 10.50 टक्के, केला की किंमत बरोबर 100 आणि वाढ शून्य. 50 खाली, म्हणजे 9.50 केला की 104.42 आणि वाढ 1 कोटी 77 लाखांच्या घरात. 87 लाखांची सगळी वाढ आमच्याच घरातल्या अर्ध्या टक्क्यावर उभी होती. तिसरी पातळी.

पातळी तिसरी ठरल्याने रोख्याची किंमत बदलत नाही, 87 लाख एएफएस निधीतही दिसतात. पण तिसऱ्या पातळीवरच्या न वसूल झालेल्या नफ्यातून लाभांश देता येत नाही आणि तो सीईटी-1 मधून वजा करावा लागतो. म्हणून हा वाद. डीलर काही खोटेपणा करत नव्हता. त्याच्या पुस्तकाचा नफा भांडवलात मोजला जावा असं त्याला वाटणारच. म्हणूनच पातळी ठरवायचं काम त्याच्याकडे नसतं.

याच रोख्यावरून लेखापरीक्षक मॅडमनी एक चांगला प्रश्न विचारला: असला रोखा उद्या घेतला आणि पहिल्याच दिवशी तुमच्या मॉडेलने नफा दाखवला तर? तिसऱ्या पातळीवर पहिल्या दिवसाचा तोटा लगेच घ्यायचा, नफा लांबवायचा. कर्जरोखा असेल तर तो नफा मुदतीपर्यंत समान हप्त्यांत, आणि शेअर बाजारात नोंदणी नसलेला शेअर असेल तर त्याची नोंदणी होईपर्यंत किंवा तो पुस्तकातून जाईपर्यंत देणं म्हणून बाजूला. हा काळजीपूर्वक केलेला नियम आहे. 2020-21 मध्ये काही सरकारी बँकांना भांडवलापोटी बिनव्याजी रोखे दर्शनी किमतीला मिळाले, तेव्हा देवाणघेवाणीची किंमत आणि वाजवी मूल्य यांतलं अंतर किती मोठं असू शकतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. 7 टक्क्यांनी 15 वर्षं मागे आणलेले 100 रुपये आज 36 च्या आसपास भरतात.

ताबा बदललेल्या जारीकर्त्यांची यादी त्याच संध्याकाळी काढायला घेतली. रोख्यांत मिळून आणखी दोन गटबदल सापडले, रक्कम मामुली. व्याजदराच्या स्वॅपवर (स्थिर आणि बदलत्या व्याजाच्या अदलाबदलीवर) काही वाद नव्हता, ओआयएसचे (रात्रभराच्या दरावरच्या स्वॅपचे) दर जाहीर असतात. सिक्युरिटी रिसीट्सना (थकीत कर्ज विकल्याबद्दल मिळालेल्या पावत्यांना) मालमत्ता पुनर्रचना कंपनीने दिलेली एनएव्ही (निव्वळ मालमत्ता मूल्य) लागली. त्या एनएव्हीवर माझा फारसा विश्वास नाही, पण तो वेगळा विषय.

राहिले नोंदणी नसलेले शेअर्स. त्यांचं मूल्य कंपनीच्या ताज्या ताळेबंदावरून, पुनर्मूल्यांकनाचा राखीव निधी वगळून, विघटन मूल्याने (मालमत्तेतून देणी वजा करून) काढायचं. पण तो ताळेबंद मूल्यमापनाच्या तारखेआधी 18 महिन्यांहून जुना असता कामा नये. असला किंवा मिळालाच नाही, तर त्या कंपनीतली आपली सगळी गुंतवणूक 1 रुपया. प्रत्येक शेअरला नव्हे, अख्ख्या कंपनीला 1 रुपया. 31 मार्च 2024 साठी 31 मार्च 2023 चा ताळेबंद चालतो, 31 मार्च 2022 चा चालत नाही. आमच्याकडे एका कंपनीचा 2022 चाच होता. कंपनी धंद्यात होती, नफ्यातही असावी, पण 2023 चा लेखापरीक्षित ताळेबंद आमच्या हातात नव्हता. शाखेतून फोन गेले, ईमेल गेले, रविवारी कंपनीत उचलणार कोण! रात्री साडेनऊला त्या ओळीत 1 लिहून फाइल बंद केली. कंपनीच्या सचिवांनी ताळेबंद पाठवला तो पुढच्या आठवड्यात, त्यामुळे तो जून तिमाहीच्या मूल्यमापनात घेतला.