आधी दुर्बीण उतरवा

जुन्या लष्करी स्नायपर रायफलींच्या नादात मी पैसे ओतत नाही, डोळे ओततो. नोकरीची सगळी वर्षं टूलरूममध्ये गेली. भोक कधी पाडलंय, कुणी पाडलंय, आटे पाडणारा टॅप सरळ गेलाय की तिरका, हे बघायची खोड हाडात मुरलेली. त्यामुळे संग्राहक मंडळी सौदा ठरण्याआधी फोटो धाडतात आणि विचारतात, खरी वाटते का? माझं पहिलं उत्तर ठरलेलं: दुर्बीण आणि तिचं माउंट, म्हणजे तिला रायफलीवर धरून ठेवणारी बैठक, उतरवा, खालचं धातूचं अंग दाखवा. अख्ख्या रायफलीचा देखणा फोटो विकणाऱ्याच्या कामाचा, माझ्या नाही.

दुसऱ्या महायुद्धातली बहुतेक स्नायपर रायफल म्हणजे पायदळाचीच रायफल. नेम बरा लागतो म्हणून बाजूला काढलेली आणि माउंट बसवून दुर्बीण चढवलेली. साधी आणि स्नायपर यांच्या किमतीतलं अंतर मोठं, आणि धातूवरचं अंतर चार-दोन भोकं नि एका ब्रॅकेटचं. लबाडीला एवढी सोपी वाट मिळाल्यावर ती होणारच.

सर्वांत जास्त फोटो येतात ते रशियन मोसिन-नागांत ९१/३० चे, पीयू दुर्बिणीवाल्या. साडेतीन पट मोठं दाखवणारी ही आखूड दुर्बीण १९४२ पासून मोसिनवर चढली. काम इझेव्हस्क आणि तुला या दोन कारखान्यांत झालं. युद्धानंतर यांतल्या कित्येक रायफलींची माउंट काढली, भोकं बुजवून वेल्ड केली, वाकड्या दांड्याचा बोल्ट (मागेपुढे सरकून गोळी नळीत ढकलणारा भाग) काढून सरळ दांड्याचा घातला आणि रायफल पुन्हा पायदळाच्या रांगेत लावली. संग्राहक तिला एक्स-स्नायपर म्हणतात. बोल्ट काढून रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या नळीमागच्या धातूच्या भागाच्या, डाव्या भिंतीवर आतून टॉर्च मारला की बुजवलेल्या भोकांची वर्तुळं दिसतात. मला विचाराल तर या बिनदुर्बिणीच्या, टाके घातलेल्या रायफलीवर माझा जास्त विश्वास. ती बुजवलेली भोकं खोटी पाडून कुणाला फारसं काही मिळत नाही.

खरी गडबड पुढे होते. अशाच एक्स-स्नायपरवर आजच्या काळात बनवलेलं माउंट चढवायचं, कुठूनशी दुर्बीण आणायची आणि 'कारखान्यातली' म्हणून विकायची. रायफल युद्धातून गेलेली, लाकडी कुंद्यावर वार-ओरखडे, आणि माउंट मात्र कोरं करकरीत काळं. म्हाताऱ्याच्या तोंडात नवी कवळी. पण माउंटही घासून-मुरवून जुनं करता येतं, म्हणून मी नळीच्या मुळाशी, म्हणजे जिथे ती रिसीव्हरमध्ये बसते तिथे बघतो. इझेव्हस्कच्या स्नायपरवर तिथे СН ही रशियन अक्षरं असतात. डाव्या अंगाला दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो. युद्धानंतरच्या दुरुस्तीत दुर्बीण बदलली असेल तर जुन्या क्रमांकावर काट मारून नवा ठोकलेला दिसतो. लोक ती काट बघून दचकतात. मला ती बघून बरं वाटतं.

मोसिनच्या बाबतीत 'सगळे नंबर जुळतात' या वाक्याला मी फारशी किंमत देत नाही. सोव्हिएत दुरुस्ती कारखान्यांनी ढिगातून बोल्ट उचलले, गोळ्यांच्या मॅगझिनचे तळ उचलले आणि रायफलीचा क्रमांक त्यांच्यावर नव्याने ठोकला किंवा इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरला. अशा जुळणीवरून फक्त रायफल दुरुस्तीला जाऊन आली एवढंच कळतं. बोल्टचा दांडा मात्र नीट बघा. स्नायपरचा दांडा लांब असतो आणि खाली वळलेला असतो. साधा सरळ दांडा कापून त्याला वाकडा तुकडा जोडला असेल, तर मुळाशी वेल्डची फुगीर रेघ राहते. कानशीने कितीही घासली तरी तिरक्या उजेडात तिथला रंग वेगळा पडतो.

ब्रिटिश नंबर ४ मार्क १ (टी) कडे वळलो की हिशेब उलटा. तिथे नंबर जुळणं महत्त्वाचं. नेमक्या निघालेल्या नंबर ४ रायफली निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे जात आणि तिथे त्यांची स्नायपर होत असे. वीस हजारांहून जास्त रायफली तिथून गेल्या. कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याने आपल्या वेगळ्या बनवल्या. मूळची ब्रेन मशीनगनसाठी आखलेली तीन पटीची नंबर ३२ दुर्बीण यांच्यावर चढली. दुर्बीण धरणाऱ्या ब्रॅकेटवर रायफलीचा क्रमांक आणि कुंद्याच्या मनगटावर, म्हणजे मुठीत धरायच्या अरुंद भागावर, दुर्बिणीचा क्रमांक, अशी दोन्हीकडून गाठ मारलेली. त्याशिवाय रिसीव्हरच्या डाव्या अंगाला टी, बट सॉकेटवर, म्हणजे कुंदा जिथे धातूत बसतो तिथे, टीआर, आणि हॉलंडच्या रायफलीवर कुंद्याच्या खालच्या बाजूला एस५१. कुंद्यावर गाल टेकवायची लाकडी उशी, आणि मागच्या साइटची, म्हणजे नेम धरायच्या लोखंडी खुणेची, लढाईची मोठी झडप घासून टाकलेली, नाहीतर ती दुर्बिणीला आडवी येते.

यातला प्रत्येक शिक्का आज कुणीही बनवून घेऊ शकतो, म्हणून शिक्का आहे की नाही यापेक्षा तो कसा बसलाय ते मी बघतो. मध्यंतरी एकाने पाठवलेला जवळचा फोटो अजून माझ्याकडे आहे. रिसीव्हरवर ब्रिटिश दुरुस्तीतला काळा रंग अगदी सलग. पण टी अक्षराभोवती तो तडकलेला, आणि अक्षराच्या तळाशी पांढरा धातू चमकतोय. पंच ठोकला की धातू कडेने वर उठतो, बारीक ओठ येतो. शिक्का आधी आणि रंग नंतर असेल तर रंग त्या ओठावरून वाहत खाली खोबणीत उतरतो. इथे ओठ नागडा होता. ब्रॅकेट ज्यावर बसतं त्या पुढच्या पॅडचे तीन स्क्रू बघितले तर मूळ रायफलीवर ते सुटू नयेत म्हणून पंचाने टोचलेले असतात. याच्या स्क्रूंना टोच नव्हती, वर खाचांमध्ये ताज्या पेचकसाच्या खुणा. पाठवणाऱ्याला कळवलं. तो नाराज झाला, विकणारा म्हणे संतापला. संतापाने स्क्रूला टोच पडत नाही.

अमेरिकन एम१९०३ए४ चं मला भारी कौतुक, कारण तिथे चोर एका ओळीत पकडता येतो. रेमिंग्टन कंपनीने १९४३-४४ मध्ये साधारण अठ्ठावीस हजार बनवल्या. पहिला गट क्रमांक ३४०७०८८ पासून सुरू होतो. ए३ म्हणजे याच रायफलीचं साधं, पायदळाचं रूप; तिच्यावर मॉडेलचं नाव आणि क्रमांक दोन्ही रिसीव्हरच्या डोक्यावर असतात. ए४ वर तिथे रेडफील्ड कंपनीचं माउंट बसणार, म्हणून अक्षरं मुद्दाम दोन बाजूंना सरकवून ठोकली: डावीकडे मॉडेल, उजवीकडे क्रमांक. साध्या ए३ ला भोकं पाडून ए४ म्हणून विकायला आणतात, तेव्हा क्रमांक माउंटखाली दडलेला असतो. आणि गंमत म्हणजे खऱ्या ए४ वरही '०३-ए३' असंच लिहिलेलं असतं. 'ए४' असा ठळक शिक्का दाखवून कुणी छाती फुगवत असेल तर तिथेच नमस्कार करावा. हिला पुढची लोखंडी साइटही नसते. साध्या ए३ ची साइट काढून टाकलेली असेल तर त्या जागेच्या खुणा नळीवर शोधा.

जर्मन के९८के स्नायपरचे फोटो आले की मी हात जोडतो. तिथे खोटं एवढं बारीक आणि एवढं जुनं झालंय की फोटोवरून बोलणं बेजबाबदारपणाचं. ज्यांनी खऱ्या हातात धरून, सुट्या करून बघितल्यात, त्यांच्याकडेच जा.

राहिली एम१डी. ही म्हणजे गॅरंड या अमेरिकन पायदळी रायफलीची दुर्बिणीवाली आवृत्ती. हिच्यात दुर्बिणीचं माउंट धरणारा ब्लॉक नळीवर बसवलेला असतो, रिसीव्हरला हातही लावलेला नसतो. गॅरंडचीच दुसरी स्नायपर आवृत्ती एम१सी, तिचं तसं नाही, तिच्या रिसीव्हरलाच ग्रिफिन अँड हाऊ कंपनीच्या माउंटसाठी भोकं आहेत. डी ची नळी, माउंट आणि दुर्बीण साध्या गॅरंडवर चढवली की तयार झालेली रायफल आणि लष्कराने बनवलेली रायफल यांत धातू बघून काहीच फरक सापडत नाही. माझी टूलरूम इथे संपते. उरतात विक्रीचे कागद, म्हणजे जुन्या लष्करी रायफली नागरिकांना विकणाऱ्या अमेरिकेतल्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम या संस्थेचे किंवा त्याच्या आधीच्या सरकारी कार्यालयाचे. तिथेही कागदावर 'एम१डी' स्पष्ट लिहिलंय ना, आणि त्यातला क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी आकडा न आकडा जुळतो ना, एवढं बघा. साध्या गॅरंडचा खरा कागद डी म्हणून पुढे केलेला मी पाहिलाय. कागद नसेल तर रायफल आवडली म्हणून जरूर घ्या, पण साध्या गॅरंडच्या भावात अधिक सुट्या भागांची किंमत, त्यावर एक पैसाही नाही.