तालुक्याच्या कॉलेजातले अर्थशास्त्र

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, बीडच्या हद्दीलगतच्या एका तालुक्याच्या गावी मी बी.ए. केले. तेव्हा जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते आणि पुणे विद्यापीठाची परीक्षा वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडावर होत असे. कला शाखेकडे येण्याची कारणे ठरलेली होती : सायन्स झेपले नव्हते, डी.एड.ला नंबर लागला नव्हता, किंवा मुलीने एस.टी.ने जाऊन-येऊन शिकावे एवढीच परवानगी घरून मिळाली होती. अर्थशास्त्र स्पेशल घेणारे आम्ही इतके थोडे होतो की हजेरीसाठी सरांना नावे पुकारावी लागत नसत. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक एकच होते. उरलेले पेपर तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवत. त्यांचे मानधन महिनोन्‌महिने रखडे आणि मग तेही दिसेनासे होत, यात त्यांचा दोष नव्हता.

पुस्तकांचे हाल विचारू नयेत. इंग्रजी ग्रंथ कुलूपबंद कपाटात आणि किल्ली ग्रंथपालांकडे, त्यामुळे सगळी भिस्त गाईडवर आणि मागच्या बॅचच्या झेरॉक्स नोट्सवर. मराठी विश्वकोशाचे खंड आणि ‘अर्थसंवाद’ या अर्थशास्त्राच्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक मात्र कुणालाही हाताळता येत, आणि ‘घटत्या सीमांत उपयोगिते’सारख्या पाठ्यपुस्तकी सिद्धांतांच्या पलीकडे अर्थशास्त्र असते हे मला तिथेच प्रथम कळले. तरीही अशा कॉलेजात सामाजिक शास्त्रे शिकण्याचा एक लाभ असतो, जो पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांत सहसा मिळत नाही असे माझे मत आहे : ज्या समाजाबद्दल धडा आहे तो समाज त्याच वर्गात, दोन-तीन बाकांवर बसलेला असतो.

सहकारावरचा धडा चालू असतानाची गोष्ट. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी-प्रवरानगरला शेतकऱ्यांना एकत्र करून उभा केलेला साखर कारखाना, त्याचे पहिले अध्यक्ष झालेले पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम, हे सगळे सर मनापासून सांगत होते, आणि सांगण्यासारखे ते आहेच. वर्गातल्या एका सभासदाच्या मुलाने भागभांडवल आणि उसाची अंतिम किंमत यावर भरभरून माहिती दिली. तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, तोडणारे कशाचे सभासद असतात?” तिचे आई-वडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कारखान्यावर जात आणि ती आजीजवळ राहून शिकत होती. सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी फळ्यावरचे पुसले आणि पुढच्या आठवड्यात आमच्या हातात सायक्लोस्टाइल केलेली एक प्रश्नावली ठेवली. अभ्यासक्रमात तिला जागा नव्हती की गुण नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावातून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांना विचारून ती भरायची होती.

नाव, वय, शिक्षण, जमीन हे रकाने भरले गेले. अडले ते ‘दैनिक मजुरी’पाशी. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असे ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आणि ती फिटायची ते किती टन तोड झाली त्यावर. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असे. पाचट काढणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून त्या गाडीपर्यंत नेणे यांत बाईचा वाटा मोठा असला तरी तिच्यासमोर लिहायला वेगळा आकडा नव्हता. आमच्यातल्या काहींनी सरळ रकमेचे दोन भाग केले. सरांनी ते खोडले, कारण जो व्यवहार झालाच नाही तो कागदावर दाखवता येत नाही. वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा, विकून येणारे पैसे हा आणखी एक गुंता : ते बऱ्याचदा बाईच्याच हातात येत, पण कुटुंबाचे उत्पन्न विचारले की कुणीही सांगत नसे. श्रमाचा पुरवठा एकेकट्या मजुराच्या निवडीने ठरतो असे मांडणारी आमच्या पुस्तकातली आकृती त्या प्रश्नावलीशेजारी ठेवली की कुठे अपुरी पडते, हे समजायला मोठ्या ग्रंथालयाची गरज भासली नाही.

जनगणनेच्या बाबतीत तर हे आणखी ठळकपणे दिसते. २००१ आणि २०११ या दोन्ही वेळची लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. त्या संपूर्ण काळात जो माणूस आपल्या घरी नसेल तो जिथे सापडेल तिथे मोजला जावा, असा नियम आहे. त्यामुळे आमच्याकडच्या वस्त्यांतली कित्येक घरे म्हाताऱ्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या नावावर मोजली जातात, तर धडधाकट माणसे कारखान्यावरच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, मोजली गेली तर गेली. शिवाय वर्षात सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलेला तो ‘मुख्य काम करणारा’ आणि त्याहून कमी केलेला ‘सीमांतिक’ ही विभागणी घ्या. हंगाम लवकर आटोपला आणि गावी परतून काम मिळाले नाही, तर सहा महिन्यांची ही अट पूर्ण होत नाही. याच तक्त्यांवरून तालुक्याचे आराखडे होतात. जनगणना खोटी असते असे मला म्हणायचे नाही. तिच्या नियमांना कारण असते, फक्त ते नियम वाचल्याशिवाय आकडा वापरू नये.

वार्षिक परीक्षेत यातले काहीच विचारले गेले नाही. “थोडक्यात टिपा लिहा : सहकाराची तत्त्वे” असा प्रश्न आला आणि ती मागच्या बाकावरची मुलगीही तत्त्वे लिहून पास झाली. पुढे अर्थशास्त्र स्पेशलला विद्यार्थी मिळेनासे झाले. आता मुले राज्यशास्त्र घेतात, तेही एमपीएससीच्या हिशोबाने, आणि त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. पण बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एक दिवसाची भेट, बॅनरसमोरचा जिओटॅग फोटो आणि एकाच्या अहवालावरून सगळ्यांनी उतरवलेला अहवाल असा झाला आहे.

येती जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची आहे, म्हणजे गणना पुन्हा फेब्रुवारीतच येणार. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या कॉलेजने त्या वर्षीच्या प्रकल्पासाठी दोनच गावे घ्यावीत. दसऱ्याला कोण निघाले आणि गुढीपाडव्याच्या आसपास कोण परतले याची घरनिहाय नोंद मुलांनीच ठेवावी, ती नंतर प्रसिद्ध होणाऱ्या गावनिहाय आकड्यांशी ताडून पाहावी, आणि मजुरीच्या रकान्याऐवजी उचल, फिटलेले टन आणि वाढ्याचे पैसे असे तीन रकाने ठेवावेत. याला खर्च झेरॉक्सचा आणि एस.टी.च्या भाड्याचा आहे, आणि माहिती गोळा करणारी मुले त्याच घरांतून कॉलेजात येतात.