दिव्याला ओरडा, गिझरला माफी

लाईट गेली की नाशिककर आधी गॅलरीत येऊन समोरच्या बिल्डिंगकडे बघतो. त्यांचीही गेलेली असली की जीव भांड्यात पडतो. फक्त आपलीच गेली असेल तर मात्र धावपळ. टंचाई सगळ्यांच्या वाट्याची असेल तर आपल्याला ती सोसते, एवढंच नव्हे, थोडी गंमतही वाटते. भारनियमनाच्या वर्षांत वेळापत्रक पाठ असायचं आणि लाईट जायच्या आत मिक्सर, पाण्याची मोटार, इस्त्री उरकायची घाई असायची. ती घाई सरली. मागे राहिला तो एकच संस्कार: रिकाम्या खोलीत दिवा दिसला की पोरांना ओरडायचं.

आता जरा हिशेब करू. ९ वॉटचा एलईडी बल्ब रात्रभर, म्हणजे आठ तास, विसरला तर ७२ वॉट-तास जातात. एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, तेव्हा हा युनिटचा साधारण चौदावा हिस्सा. २००० वॉटचा गिझर तेवढी वीज दोन-सव्वादोन मिनिटांत पितो. बल्ब दिसतो म्हणून बोलणी खातो. गिझर बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात गप्प बसलेला असतो, त्याला घरात कुणी काही बोलत नाही.

पूर्वी तांब्याचा बंब होता. त्यात ढलप्या सरकवाव्या लागत, धूर डोळ्यांत जाई, आणि एका आंघोळीला किती जळण लागतं हे हातालाच कळे. आता ते जळण एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात जळतं. २१० मेगावॉटचे तीन संच, कोळशाच्या वाघिणी, नाशिक रोडकडून दिसणारी धुराडी. वीज एका जाळ्यातून फिरते, त्यामुळे आपली बादली नेमकी तिथल्याच कोळशावर तापते असं म्हणता येत नाही. पण रीत तीच: कोळसा जाळून पाणी तापवायचं, वाफेने टर्बाइन फिरवायचं, आणि तारांतून आलेल्या विजेने गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पुन्हा पाणीच तापवायचं. या फेऱ्यात कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा घरी पोचतो. छतावरचा सोलर हीटर म्हणूनच या कामाला फिट बसतो; ढगाळ दिवस सोडले तर.

बादलीचंही गणित साधं आहे. थंडीत टाकीतलं पाणी १८ अंशांवर धरा. १५ लिटरची बादली ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.४ युनिट लागतं. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल तर आठ मिनिटांत ६४ लिटर, म्हणजे दीड युनिटाच्या वर. कुणाला विश्वास नसेल तर मीटरसमोर उभं राहावं. त्यावर '३२०० इम्पल्स' असं काही छापलेलं असतं. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मिनिटात १० वेळा लुकलुकला तर घर त्या घडीला १८७ वॉट ओढतंय. मग गिझर लावून पुन्हा मोजायचं. मोजता मोजता चुकायला होतं, कारण दिवा सेकंदाला पावणेदोनदा लुकलुकतो.

मात्र १०० युनिटांच्या वर गेलं की 'सगळं बिलच महाग होतं' हा समज काढून टाकावा. चढा दर १०१व्या युनिटापासून पुढच्यांनाच लागतो.

बोअरचं पाणी असेल तर गिझरची आणखी एक तऱ्हा असते. पाणी जितकं तापेल तितका क्षार कॉइलवर जास्त बसतो, म्हणून थर्मोस्टॅट ५०-५५ वर पुरे. ७० वर ठेवून नंतर थंड पाणी मिसळण्यात काही राम नाही. क्षाराने वीज फारशी वाया जात नाही, पण थराखाली कॉइलची उष्णता अडकते आणि ती जळते. गिझर सूं-सूं करायला लागला की समजावं, थर बसलाय. एमसीबी पाडून, पाणी काढून, कॉइल बाहेर घ्यायची आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवायची. टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड संपत आलेला असेल तर तोही त्याच वेळी बदलावा, नाहीतर टाकी आतून गंजते.

हे काम ऑक्टोबरात करून घ्यावं. डिसेंबरात निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी येते आणि त्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन 'उद्या येतो' म्हणतो.