डेव्हिल्स लेकची प्रदक्षिणा : अवघड चढ आधी

शिकागोहून साधारण तीन तासांवर, बाराबू गावाजवळ विस्कॉन्सिनचं डेव्हिल्स लेक स्टेट पार्क आहे. 1911 पासूनचं हे उद्यान बाराही महिने उघडं असतं. तळ्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पाचेकशे फुटांचे कडे आहेत. माणशी तिकीट नाही, गाडीचा पास घ्यावा लागतो. परराज्याची, म्हणजे इलिनॉयचीही, नंबरप्लेट असेल तर जास्त पैसे पडतात. उन्हाळ्यातल्या आणि पानगळीतल्या शनिवार-रविवारी सकाळी नऊच्या आत पोहोचा; उशीर झाला तर पार्किंग शोधण्यातच वेळ जातो.

तळ्याला पूर्ण फेरी साताठ किलोमीटरची. मुलं बरोबर असतील तर चार तास धरा. सुरुवात साउथ शोअरवरून, म्हणजे दक्षिण काठावरून करा आणि पूर्वेचा कडा आधी घ्या, म्हणजे देवळात घालतो त्याच्या उलट प्रदक्षिणा. त्याचं कारण कड्यावर नेणारी बॅलन्स्ड रॉकची वाट. लांबी जेमतेम साडेसहाशे मीटर, पण जवळजवळ सगळी दगडी पायऱ्यांची, उंच आणि वेड्यावाकड्या. इथला क्वार्टझाइट हा कठीण दगड लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालाय. चढताना हाताचा आधार घेता येतो, उतरताना मात्र गुडघे बोलतात आणि पाय घसरतो. पाऊस पडून गेला असेल तर ही वाट सोडाच.

वर पोहोचल्यावर उजवीकडे थोडं जाऊन डेव्हिल्स डोअरवेची दगडी चौकट बघा आणि मागे फिरा. कड्याला कठडा नाही, तेव्हा फोटोसाठी मागे सरकू नका आणि लहान मुलांचा हात सोडू नका. वर पाणीही मिळत नाही. माणशी दोन लिटर पाठीवर हवंच. दमलात तर एखाद्या धोंड्यावर बसा आणि त्याचा पृष्ठभाग नीट बघा. ओहोटीनंतर किनाऱ्यावरच्या वाळूत उमटतात तशाच लहरी काही दगडांत दिसतात. दीडशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची ही वाळूच आहे, पुढे दाबली जाऊन दगड झालेली. आवर्जून थांबावं असं हे दृश्य आहे.

उत्तरेकडे उतरताना कड्याच्या कडेची वाट न धरता झाडीतली ईस्ट ब्लफ वुड्स घ्या, तिचा उतार मवाळ आहे. खाली पूर्व काठाने रेल्वेचा रूळ जातो आणि त्यावरून अजून गाड्या धावतात, म्हणून रुळांवरून चालू नका. नॉर्थ शोअरला डबा खाऊन पश्चिम काठाची टम्बल्ड रॉक्स वाट धरा. दीड किलोमीटरची ही वाट सपाट असून कोसळलेल्या शिळांमधून जाते. आजी-आजोबांना फक्त एवढीच दाखवली तरी चालेल.

पोहायला जीवरक्षक नाहीत. पाण्यातून बाहेर येताच अंग टॉवेलने खसाखसा पुसा. इथे गोगलगायींतून पाण्यात येणाऱ्या सूक्ष्म परजीवींमुळे अंगाला खाज सुटते. ते अंगावर पाणी वाळत असताना कातडीत शिरतात, त्यामुळे उन्हात तसंच वाळत बसणाऱ्याला जास्त त्रास होतो. बोटीला पेट्रोलचं इंजिन चालत नाही. वल्हवायची होडी किंवा कयाक उत्तम.

हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा थर बसतो. बुटांना खिळ्यांच्या साखळ्या लावल्याशिवाय कड्यावर जाऊ नका. स्कीइंगसाठी उद्यानातल्याच स्टाइंकी बेसिन या भागाकडे वळा. तळं गोठलं तरी किमान चार इंच पारदर्शक, कडक बर्फ असल्याशिवाय त्यावर पाऊल नको. बर्फ पांढरट असेल तर तो कमजोर समजा. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारासच मावळतो. तीनपर्यंत उतरायला लागा आणि विजेरी खिशात ठेवा.