पेनांगच्या वाडग्यातला बांगडा

आईने पहिला चमचा तोंडात घातला, क्षणभर घोळवला आणि वाडग्यात वाकून बघत म्हणाली, "हेच्यात बांगडो आसा गो!"

वाडग्यात होती मलेशियातल्या पेनांगची आसाम लाक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या शेवया. केक लोक सी देवळाच्या पायथ्याशी एअर इताम म्हणून भाग आहे. तिथल्या बाजारातल्या एका टपरीवर आम्ही मायलेकी प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलो होतो. आई वेंगुर्ल्याची, वय ६९, पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेली. तिने बांगडा ओळखला तो फक्त जिभेने. आणि बरोबर ओळखला. मलय भाषेत ज्याला इकान केंबुंग म्हणतात, तो आपल्या बांगड्याच्याच जातकुळीतला मासा. तो उकडतात, काटे काढतात, मांस कुस्करून रश्श्यात सोडतात. 'आसाम' म्हणजे मलयमध्ये आंबट. आंबटपणासाठी चिंच असतेच, शिवाय आसाम केपिंग नावाच्या वाळवलेल्या चकत्या असतात. त्या ज्या फळाच्या, ते फळ आणि आपलं कोकम एकाच कुळातलं, दोन्ही गार्सिनिया. बांगडा, चिंच, मिरची आणि कोकमाचं भावंड! एवढ्या लांब येऊन आई तिच्याच स्वयंपाकघरात बसली होती.

मी मात्र टपरीवाल्या बाईंच्या हाताकडे बघत होते. त्यांनी तांदळाच्या जाड पांढऱ्या शेवया वाडग्यात घेतल्या, त्यावर उकळता रस्सा ओतला आणि डावाने शेवया दाबून धरून तो सगळा रस्सा परत पातेल्यात ओतला. पुन्हा ओतला, पुन्हा काढला. तीन-चार वेळा. गार शेवया अशा आतपर्यंत गरम होतात आणि रस्सा पातळ होत नाही. मग वरून काकडी, अननस, कांदा, लाल मिरची, पुदिन्याची पानं. शेवटी एका चमच्यात काकवीसारखी काळी, दाट कोळंबीची चटणी, तिला 'हे को' म्हणतात. ती आपण आपल्या हाताने कालवायची. वाडगा ६ रिंगिटचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने शंभराच्या जरासं वर.

१ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली आणि मी फेब्रुवारीची तिकिटं काढली. हातात पैसे मोजकेच. पण पेनांगला स्वस्त खाणं म्हणजे कमी प्रतीचं खाणं नव्हे. तिथली माणसं स्वतःच रोज टपरीवर खातात.

चांगली टपरी शोधायची कशी, हे मी डोंबिवलीतच शिकले होते. आमच्या स्टेशनबाहेर मोमोची एक गाडी लागते. दार्जिलिंगकडचं जोडपं आहे. दोनच प्रकार, कोबीचे आणि चिकनचे. शेजारच्या गाडीवर मोमो, शोरमा, पिझ्झा, नूडल्स, सगळ्याची लांबलचक पाटी. मी पहिल्या दिवशी दोघांच्या मध्ये उभी राहून नुसतं बघत होते. या बाई चिरलेल्या कोबीला मीठ लावून ठेवतात आणि नंतर फडक्यात घेऊन घट्ट पिळतात, पार थेंब निघेपर्यंत. म्हणून त्यांचा मोमो खालून ओला होऊन फाटत नाही. पारी त्या समोर लाटतात, कडेला पातळ, मधे जाड. रोज हजार वेळा तेच केलेला हात वेगळा दिसतो. मी तो हात शोधते. पेनांगलाही तोच शोधला.

त्यामुळे 'चार क्वे त्याव' नावाच्या परतलेल्या नूडल्सच्या दोन टपऱ्यांपैकी कुठली चांगली, हे खाण्याआधीच कळलं. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, शिंपल्या, मोड आलेले मूग, अंडं, हे सगळं धगधगत्या कढईत परतायचं असतं. एकजण तीन-चार प्लेटींचं एकदम टाकत होता. त्याची कढई निवायची, पट्ट्या परतल्या जायच्याऐवजी वाफवल्या जायच्या. दुसरे आजोबा कोळशावर एका वेळी एकच प्लेट करत होते आणि त्यांच्यासमोर वीस माणसं शांतपणे थांबलेली. मीही थांबले. त्यात बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी असते. आई ते खात नाही, म्हणून तिने बाजूच्या गाडीवरून रोटी चनाय आणली आणि माझ्याबरोबर त्या आजोबांची कढई बघत बसली.

आणखी एक सांगते. "इथे चांगलं काय मिळतं?" असं कुणाला विचारू नका, लोक पाहुण्यांसाठीची ठिकाणं सांगतात. आमच्या लॉजच्या बाईंना मी विचारलं, "आज सकाळी तुम्ही काय खाल्लंत?" एअर इतामचा पत्ता असा मिळाला. वेळही त्यांनीच सांगितली, कारण तिथे सकाळची टपरी सकाळीच आणि संध्याकाळची संध्याकाळी. कोपीतियाम, म्हणजे कॉफीच्या दुकानात, टेबल कॉफीवाल्याचं असतं आणि आत टपऱ्या वेगवेगळ्या लोकांच्या. कुठूनही खाणं मागवा, पण निदान एक चहा-कॉफी घ्यायचीच, ती त्या टेबलाची किंमत. बिनसाखरेची काळी कॉफी हवी तर 'कोपी ओ कोसोंग'.

फसलो ते नासी कांदारला. नासी म्हणजे भात, कांदार म्हणजे खांद्यावरून वाहणं. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी बंदराजवळ भात आणि कालवणाची भांडी चक्क कावडीने फिरवायचे, त्यावरून हे नाव. आता काचेमागे पंधरा-वीस कालवणं मांडलेली असतात, आपण बोट दाखवायचं. भातावर चार कालवणांचा रस एकत्र ओततात, त्याला म्हणतात 'बांजिर', म्हणजे पूर. आईने एक मोठी कोळंबी आणि माकूळ दाखवलं. भाव लिहिलेला नव्हता, मी विचारला नाही, आणि बिल आलं लाक्साच्या सात वाडग्यांएवढं. आईचं तोंड उतरलं. मला फार वाईट वाटलं, पैशांसाठी नाही, तिने हौसेने मागितलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेलो तेव्हा ताटात वाढण्याआधी 'बेरापा?' म्हणून एकेकाची किंमत विचारली. कोंबडी, भेंडी आणि भात अगदी बेतात झालं. 'दागिंग' लिहिलेलं बहुधा गोमांस असतं, तेवढं लक्षात ठेवा.

चेंडोल आईने दोन वाडगे खाल्लं. तांदळाच्या पिठाचे पंडनच्या पानाने हिरवे झालेले तुकडे, नारळाचं दूध, ताडगुळाचा पाक, किसलेला बर्फ. "शिरवाळ्यांचो रस," ती म्हणाली, म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या शेवयांबरोबरचा नारळाचा गोड रस, आणि आत आलेला राजमा चमच्याने बाजूला काढून माझ्या वाडग्यात टाकला.

गेल्या महिन्यात घरी लाक्सा केली. शिरवाळ्यांचा साचा माळ्यावरून काढला आणि शेवया गोड न करता तशाच ठेवल्या. बांगडे उकडून काटे काढले. कोळंबीच्या चटणीऐवजी भाजलेला जवळा वाटून घातला. आसाम केपिंगऐवजी कोकम टाकलं तर रस्सा जांभळट झाला, म्हणून पुढच्या खेपेला कोकम दोनच आणि बाकी चिंच. तिथे त्यात आल्याच्या कुळातलं एक सुवासिक गुलाबी फूल चिरून घालतात. ते डोंबिवलीत मला कुठे मिळालं नाही. मी नुसत्या पुदिन्यावर भागवणार होते, तेवढ्यात आई ओट्यापाशी आली, पातेल्यावरचं झाकण उचललं, वास घेतला.

"बांगडो आसा आणि तिरफळां नाय?"

तिने डब्यातून पाच-सहा तिरफळं काढली, ठेचली आणि रश्श्यात टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अननस कापलंस काय?"