नाथ की नात

नाट्यसंगीताशी माझं वाकडं नव्हतं. मास्टर दीनानाथ लागले की मी हातातलं काम सोडून ऐकायचे. तो बेदरकार गळा, कुठून कुठे उडी मारेल याचा नेम नाही. पण बालगंधर्व नकोत. आमच्या घरी सकाळी बाबा त्यांची कॅसेट लावायचे आणि दाढीचा साबण गालावर वाळेपर्यंत आरशासमोर नुसते उभे राहायचे. मला मात्र ते नाकातून गाणं, तो लाडिकपणा सहन व्हायचा नाही. कॉलेजात असताना एकदा बोलून गेले, "ह्यांना आधी कुणीतरी वाफ द्या." बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे पोटापाण्याला धंदा नेमका आवाजाचाच मिळाला. जुन्या रेकॉर्डी, स्पूल, कॅसेटी यांचं डिजिटायझेशन. पुण्यात दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे माझा. सांगलीच्या एका संग्राहक काकांनी चाळीस रेकॉर्डी दिल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक बालगंधर्वांच्या. पैसे रोख होते. मी गप्प बसले.

ह्या तबकड्या लाखेच्या. स्पिरिटने पुसायला गेलात तर संपलंच, कारण सुताराचं पॉलिश ज्या चपडीपासून होतं तीच यात असते आणि ती स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि पाणी लेबलला लागू द्यायचं नाही. सुईही वेगळी लागते. एलपीची सुई बारीक, ती ह्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा उपसते. इतकं सगळं मी चोख केलं. पहिली रेकॉर्ड 'स्वयंवर'मधली, 'नाथ हा माझा'. खरखर मोजून घेतली, सॉफ्टवेअरला म्हटलं ही काढ. काढली. इतकी काढली की पद एखाद्या एसी हॉलमध्ये परवा गायलंय असं वाटावं. मी खूश होऊन नमुना काकांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "बाई, हे काय गातायत? नात?"

"काय म्हणालात?"

"नात हा माझा. नात असेल तर ही माझी म्हणायला हवं ना? या इकडे, ऐकवतो."

फोन ठेवला आणि चिडून सांगली गाठली. पाच तास एसटीत मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. काकांनी वाद घातलाच नाही. चहा दिला, कोपऱ्यातल्या चावीच्या ग्रामोफोनला किल्ली दिली, डबीतून नवी पोलादी सुई काढून लावली. ती एका बाजूला एकदाच वापरायची, नाहीतर झिजलेलं टोक खाच कुरतडतं. त्यांच्याकडे त्याच पदाची दुसरी, बरीच झिजलेली प्रत होती. ती लावली.

आधी नुसती खरखर, कढईत मोहरी तडतडावी तशी. मग त्या तडतडीतून 'ना' आला, लांबला, आणि शेवटी 'थ'. 'त' नव्हे. जीभ दातांवरून सुटताना त्यामागून जो श्वास येतो, तो सगळा त्या 'थ'मध्ये होता. बालगंधर्वांची रुक्मिणी नवऱ्याचं नाव घेत नाही, 'नाथ' म्हणते, आणि ते म्हणताना तिचा श्वास सुटतो. माझ्या सॉफ्टवेअरला श्वास आणि खरखर यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी हिस्सच. मी त्यांना बोबडं करून ठेवलं होतं.

"परत लावा," मी म्हणाले. काकांनी सुई बदलली.

त्या दिवशी पदं नीट ऐकली असं म्हणणार नाही, कारण डोकं सुन्न होतं. खरं ऐकणं झालं ते पुण्याला परतल्यावर. आता सॉफ्टवेअरचा बोळा फिरवायचा नाही, एकेक टिचकी हाताने काढायची असं ठरवलं. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा तुकडा दहादहा वेळा ऐकायचा. तीन-सव्वातीन मिनिटांच्या एका बाजूला अख्खा दिवस. असं कुणाचंही गाणं ऐकलं तर त्यातली लबाडी बाहेर येते. इथे उलटंच होत गेलं. ज्याला मी लाडिकपणा म्हणत होते ते शब्दाला जरा मागे धरणं होतं. ठेका पुढे जातो, हे निवांत, आणि समेला बरोबर दारात हजर. तान घेतात तीही शब्द पुरता उच्चारून झाल्यावर, आणि नखाएवढी. भास्करबुवा बखल्यांनी यमनात बांधलेलं हे पद 1916 मध्ये रंगभूमीवर आलं. नाटकात वन्स मोअर घेत ते कितीही वाढायचं. तबकडीवर तेवढी ऐसपैस जागाच नाही, तरी घाई कुठे ऐकू येत नाही.

आणि ते नाक? त्याचाही छडा लागला. बाबांची कॅसेट शोधून शेजारी लावली. टर्नटेबलचा वेग मी स्ट्रोबच्या चकतीवर तपासलेला होता. जुन्या ट्यूबलाइटखाली तिच्यावरच्या 77 रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला 78 फेरे. (एलईडीखाली हा खेळ नीट जमत नाही, म्हणून एक जुनी ट्यूब मी मुद्दाम ठेवली आहे.) 78 हा आकडाही काही ब्रह्मवाक्य नव्हे, त्या काळच्या रेकॉर्डी थोड्या इकडेतिकडे असतात. पण कॅसेट चांगली अर्धा स्वर चढी निघाली. म्हणजे वेगात जवळपास 6 टक्के जास्त. एवढ्याने नुसता सूर चढत नाही, आवाजाचा पिंडच आक्रसतो, छातीतला गळा नाकात जातो. कॉपीची कॉपी करताना कुणाच्या तरी डेकने हे केलं होतं. मी वीस वर्षं त्या डेकवर रागावलेली होते.

सगळंच आवडू लागलं असं नाही. उतारवयातल्या काही ध्वनिमुद्रणांत दम कमी पडतो, तिथे भक्तांसारखे डोळे मिटून घेणं मला जमत नाही. दीनानाथांवरचं प्रेमही तसूभर कमी झालेलं नाही. पण 'एकच प्याला'तल्या सिंधूच्या पदांची बाजू पुरी करायला मी मुद्दाम चार दिवस जास्त लावले, आणि त्याचे पैसे काकांकडून घेतले नाहीत.

'नाथ'ची नवी फाइल बाबांना पाठवली. खरखर ठेवलेली, वेग बरोबर, 'थ' जागेवर. तासाभराने फोन आला. ऐकताना गप्प बसले होते म्हणे.

"छान आहे गं," बाबा म्हणाले. "पण त्यांचा आवाज जरा बसल्यासारखा नाही वाटत? आणि मागची ती खरखर तेवढी काढून दे."